अप्पांचा पांढरा जिना

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

अप्पा ज्या इंग्रजी पिक्चरचं जन्मभर कौतुक सांगत आले तो आज अखेर घरात पाहिला. सीडी पुण्याच्या एका जुन्या चित्रपटवेड्या गृहस्थाकडं होती. वर्षभर मी मागं लागले तेव्हा कुठं त्यांनी कॉपी करून दिली.

पिक्चरला गोष्ट अशी नाहीच. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीनं पदरचे सगळे नटनट्या एका मंचावर आणलेत. कुणी गाऊन जातो, कुणी नाचून. एरवी तोंड पाडून शोकांतिका करणारा नट विदूषकाच्या टोपीत येतो. पिसांचे पंखे घेतलेल्या शंभरभर पोरी, छतापासून लोंबणारी झुंबरं. आणि शेवटी तो पांढरा जिना.

अप्पांनी हा सोळाव्या वर्षी इथं कोल्हापुरातल्याच थिएटरात सकाळच्या खेळाला पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना न सांगता स्टुडिओच्या दारात जाऊन उभे राहिले. मागच्या ओळीत नाचता नाचता डान्स मास्तर झाले. आपल्या स्टुडिओतल्या सगळ्या कलावंतांचा असाच एक सिनेमा करायचा, हे त्यांनी मालकांच्या गळी उतरवलं होतं. पण त्याआधी स्टुडिओच विकला गेला. पुढं अप्पा, स्टुडिओतले चन्नवीर मास्तर, म्हणजे लग्नाच्या वरातीत पोरांना दोन स्टेप शिकवणारा माणूस.

अप्पा सांगायचे तो शेवट मला पाठ आहे. बडी नटी, विनोदी नट, मागं नाचणाऱ्या पोरी, सगळे हातात हात घेऊन एका ओळीत जिना उतरतात. "त्या जिन्यावर कोण मोठं न्हाय, कोण बारकं न्हाय," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

आज पाहिलं तर तसं काहीच नाही. पोरी दोन्ही बाजूंना माना खाली घालून उभ्या राहतात आणि बडी नटी मधून एकटी उतरते. मी अप्पांकडं पाहिलं. ते पुढं वाकून बसले होते.

"जिना एवढाच हुता?" म्हणाले. मग, "ही कापलेली कॉपी हाय. खरा शेवट कापलाय ह्यांनी."

मी हो म्हटलं. त्यांनी पिक्चर परत पहिल्यापासून लावायला सांगितला.

१९ ऑक्टोबर

रुद्रेश आला होता. पेठेतल्या फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष, आता बांधकामाच्या धंद्यात चांगला वर आलाय. लहानपणी आमच्या खिडकीच्या काचा त्याच्याच बॉलनं फुटायच्या. जानेवारीत मंडळाचा रौप्यमहोत्सव आहे, त्यात काहीतरी वेगळं हवं म्हणाला. ऑर्केस्ट्राला लोक कंटाळलेत.

मी त्याला अप्पांची कल्पना सांगितली. कोल्हापूरच्या जुन्या स्टुडिओतले जे कलावंत अजून हातीपायी धड आहेत ते सगळे एका मंचावर, प्रत्येकाचं एकेक गाणं आणि शेवटी पांढरा जिना. सोबत माझ्या डान्स क्लासच्या पोरी. रुद्रेश खुर्चीतून उठलाच. "मॅडम, ह्ये एकदम हॉलिवूड!"

मला मॅडम कुणी म्हणत नाही. पेठेत मी अजून मास्तरांची पोर आहे. अडतिसाव्या वर्षीसुद्धा. लग्न केलं नाही की झालं नाही, हेही आता कुणी विचारत नाही. क्लासला पोरी येतात त्या टीव्हीवरच्या रिमिक्सच्या स्टेप शिकायला, आणि चार महिन्यांत निघून जातात.

पोस्टरवर 'संकल्पना व नृत्यदिग्दर्शन' म्हणून माझं नाव टाकू म्हणाला. अप्पांचंही टाका, असं मी लगेच सांगितलं. "टाकूया की. वर, आशीर्वाद म्हणून," म्हणाला. अप्पांना हे सांगितलं तर ते हसले. "आशीर्वाद मेलेली माणसं देत्यात. पण जाऊंदे, काम होऊंदे."

२ नोव्हेंबर

आज अप्पांबरोबर एसटीनं शाहूवाडीकडं गेले. बयाबाई तिथं भाच्याकडं असते. स्टुडिओच्या ग्रुप डान्समधली ती सगळ्यात चपळ, असं अप्पा सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा ती भाताची झोडपणी करत होती. अंगभर तूस.

अप्पांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हातातली पेंढी खाली ठेवली. "म्हंजे आमी पुढच्या वळीत?"

"वळ एकच," अप्पा म्हणाले.

"मग मी येतो की!"

आणि तिथंच खळ्यावर, तूस झटकत, तिनं गिरकी घेतली. सत्तरीची बाई. भाच्याची सून तोंडाला पदर लावून बघत राहिली. खरं लिहायचं तर आनंदाच्या आधी हेवा वाटला. अप्पांनी तिच्याकडं जसं पाहिलं तसं माझ्या नाचाकडं कधी पाहिलेलं नाही. मी चौदा वर्षांची असताना म्हणाले होते, "तुला ताल हाय. पाय जड हायत. शिकव, नाचू नगं." मी शिकवतेच आहे.

२३ नोव्हेंबर

पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये रोज सराव. सात म्हातारी माणसं जमलीत. त्यात गुंडू म्हणून विनोदी नट आहे, सिनेमात सदा मार खाणारा. त्याला गाण्याचं दुसरं कडवं आठवत नाही, मग तो पहिलंच वेगळ्या चेहऱ्यानं म्हणतो, आणि ते जास्त मजेशीर होतं. बयाबाई पेठेतच नातलगांकडं राहायला आलीय. गुडघ्याला तेल चोळते आणि उभी राहते.

अप्पा ओरडतात, शिव्या देतात, हातात छडी घेऊन ताल मोजतात. दमले की कन्नडात "साकु" म्हणतात, म्हणजे पुरे. सकाळी लिंगपूजा आटोपून माझ्याआधी तयार होऊन बसतात. आई गेल्यापासून त्यांना इतकं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटचं जिन्याचं काम अजून फरशीवर खडूनं रेघा मारून चाललंय. सगळे हातात हात घेऊन एकदम खाली येतात. एकाचा पाय चुकला की सगळी ओळ हलते. अप्पा म्हणतात हलू दे, तेच बघायला लोक येतील. मला तसं वाटत नाही. लोक चुका बघायला येत नाहीत.

७ डिसेंबर

रुद्रेशनं मुंबईहून मोनाला ठरवलंय. टीव्हीवरच्या मालिकेत कजाग सुनेचं काम करते ती. मला आधी विचारलं नाही, पण त्याचंही बरोबर आहे. "मॅडम, नुसत्या म्हाताऱ्यांवर मैदान भरत न्हाय." ती दोन गाण्यांवर नाचणार. मागं माझ्या क्लासच्या पोरी. म्हणजे तिचं नृत्य मी बसवायचं! आजवर कुणी मुंबईची बाई माझ्या तालावर नाचलेली नाही.

त्यानं ती इंग्रजी सीडी बघायला मागितली. मी दिली. त्यात काय चुकलं?

अप्पांना मोनाचं सांगितलं. ते म्हणाले, "येऊंदे. जिन्यावर एक जागा करू तिलापण. बयाच्या शेजारी."

२१ डिसेंबर

मंडळाच्या ऑफिसात बैठक झाली. अप्पांना सर्दी होती म्हणून मी एकटीच गेले. सर्दी फार नव्हती. येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं.

रुद्रेशनं सीडीतला शेवट लावून दाखवला. "हे बघा मॅडम. ओरिजनलमध्ये हिरॉईन एकटी उतरते. मास्तर म्हणत्यात तसं हातात हात बित काय न्हाय."

मी म्हटलं, ती कापलेली कॉपी आहे.

"तुम्हाला खरंच तसं वाटतंय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी नाही म्हटलं. मला तसं वाटत नाही. मग ठरलं की शेवटी मोना जिना एकटी उतरणार. म्हाताऱ्या कलावंतांचं एक समूहगीत त्याआधी, जिन्यावरच, आणि मग त्यांनी उतरून बाजूला व्हायचं. वेगवेगळी गाणी काढून टाकली. "तुमीच ठरवा मॅडम, दिग्दर्शक तुमी," असं रुद्रेश दर वाक्याला म्हणत होता, आणि मी ठरवत गेले.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं की वेळ थोडा कमी झालाय.

"जिना हाय न्हवं?"

"आहे."

"मग झालं."

४ जानेवारी २००४

मोना कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी येणार. तोवर सरावात तिच्याऐवजी उभ्या राहायला मुंबईहून दोन डान्सर पोरी आल्यात. आज सरावाला बयाबाई दारातून म्हणाली, "मी येतो गं मागनं, तुमी चालू करा." त्या पोरी हसायला लागल्या. आजी स्वतःला 'येतो' म्हणते! मग दिवसभर एकमेकींना "मी जातो, मी खातो" चाललं होतं. माझ्या क्लासच्या पोरीही हसल्या. त्यांच्या आज्या घरात असंच बोलतात.

मी त्यांना गप्प करायला हवं होतं. मुंबईच्या पोरी रागावल्या असत्या आणि मोनापर्यंत गेलं असतं. मी टेप सुरू केला.

बयाबाईनं ऐकलं असावं. नंतर ती कोपऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत राहिली. गुंडूनं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "आमची गाणी का काढली गं? मास्तरला ठावं हाय?" मी म्हटलं, अप्पांना सगळं माहीत आहे. हे निम्मं खरं आहे. मोनाचं शेवटचं एकटीचं उतरणं सोडून बाकी सगळं त्यांना माहीत आहे.

१७ जानेवारी

मैदानावर जिना उभा राहिला. लाकडी सांगाडा, वर प्लाय, पांढरा रंग, कडेनं बल्बच्या माळा. त्या पिक्चरमधल्यापेक्षा नक्की मोठा आहे. अप्पा हातानं कठडा चाचपत वरपर्यंत गेले. वर उभे राहून खाली बघितलं. सुतारानं काळजीनं विचारलं, "मास्तर, हलतंय काय?" तर म्हणाले, "न्हाय रे. लई झ्याक केलंस."

मग तिथूनच मला हाक मारली. "शांभवी, ये की वर!" मी खाली मोनाच्या मेकअपवाल्याशी बोलत होते. नंतर येते म्हटलं. मग राहून गेलं.

१९ जानेवारी

काल कार्यक्रम झाला. मैदान भरलं. पोस्टरवर माझं नाव मोठं होतं.

सुरुवातीलाच सत्कार आणि भाषणं लांबली. पाहुण्या पुढाऱ्यांना मंडळाच्या प्रत्येक जुन्या खेळाडूच्या गळ्यात हार घालायचा होता. म्हातारे कलावंत दुपारपासून मंचामागं तयार होऊन बसले होते. बयाबाई मोतिया साडीत, केसात अबोली. गुंडूनं मिशा चिकटवल्या होत्या आणि त्या सारख्या दाबून बघत होता. अप्पांनी स्टुडिओतला पांढरा कोट काढून घातला होता. खांद्यावर सैल झालाय. ते जिन्याच्या मागं उभे राहून सगळ्यांना पावलं आठवून देत होते.

मोनाचं पहिलं गाणं झालं आणि रुद्रेश घामाघूम होऊन माझ्याकडं आला. "मॅडम, धाला माईक बंद कराय लागतोय, पोलीस येऊन बसल्यात. मोनाचं एक हाय आन् म्हाताऱ्यांचं एक. दोनी बसत न्हाईत. बोला पटकन."

विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. तोंडातून आलं, "मोनाचं ठेवा."

मोनाच्या मागं माझ्या क्लासच्या पोरी होत्या. त्यांचे आईबाप पुढं बसले होते. तिचं गाणं काढलं असतं तर ती स्टेजवरून निघून गेली असती आणि उद्या पेपरात तेच आलं असतं. हे सगळं मला नंतर सुचलं, पण खरं आहे.

म्हाताऱ्यांना सांगायला मी गेले नाही. कार्यकर्त्यांना पाठवलं. त्यांनी शाल, नारळ आणि खाण्याचा पुडा प्रत्येकाच्या हातात दिला. निवेदकानं माईकवर सांगितलं की ज्येष्ठ कलावंतांचा सत्कार मंचामागं संपन्न झाला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग दिवे गेले, जिन्याच्या माळा लागल्या आणि मोना वरून एकटी उतरत आली. माझ्या पोरी दोन्हीकडं माना खाली घालून उभ्या. शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. एकही पाऊल चुकलं नाही. मी विंगेत उभी राहून रडले. इतकं सुंदर झालं होतं. शेवटी रुद्रेशनं मला हात धरून मंचावर नेलं आणि गुच्छ दिला. उजेडात समोरचं काही दिसत नाही.

मागं आले तर तिथं कुणी नव्हतं. एका खुर्चीवर गुंडूच्या मिशा पडल्या होत्या. सुतार म्हणाला, मास्तर शेवटपर्यंत कठड्याला हात लावून उभे होते, मोना खाली पोचल्यावर गेले.

घरी अप्पा दुधात भाकरी कुस्करून खात होते. कोट खुंटीला. मला वाटलं ओरडतील. मी तयारी केली होती, काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. त्यांनी विचारलं, "जेवलीस?"

२५ जानेवारी

आज लोकल केबलवर कार्यक्रम दाखवला. बघायला शेजारपाजारचे आमच्याकडं जमले. बयाबाई शाहूवाडीला परत निघाली होती, ती भेटायला आली. गुंडूही आला. मला ते दोघं यायला नको होते.

पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा शेजारणींनी कौतुक केलं. मग मोनाचं पहिलं गाणं, मग सत्काराची घोषणा. गुंडूनं पुडीतला तंबाखू मळता मळता मला सरळ विचारलं, "शांभवी, आमाला तयार करून बसवलंस आन् आमचा नंबर कुठं गेला गं?"

टीव्हीवर शिट्ट्या चालू होत्या. मी काहीतरी बोलणार होते, वेळेचं.

"तिला काय इचारतोस? मी काढला," अप्पा म्हणाले.

"तू?"

"मीच. बयाचा गुडघा सुजला हुता, तू कडवी इसरत हुतास. एवढ्या पब्लिकफुडं हसं झालं असतं. मी तिला म्हटलं, आमचं काढ."

गुंडूच्या तळहातावरचा तंबाखू तसाच राहिला. "मास्तर, जन्मभर मार खाऊन लोकांस्नी हसवलं मी. माझं हसं व्हायला तू कधी भ्यालास?" तो उठला. दारात चप्पल घालताना त्याचा पाय सारखा चुकत होता. "लोकं आमाला इसरली त्येचं काय वाटलं न्हवतं. पर तू!"

बयाबाई बसूनच होती. माझ्याकडं बघत होती, अप्पांकडं नाही. मग म्हणाली, "मास्तर, माझा गुडघा सुजला न्हवता."

ती पिशवी उचलून गेली. एसटीपर्यंत सोडायला मी उठले तर हातानंच नको म्हणाली. शेजारीही एकेक करून निघाले.

आम्ही दोघंच उरलो तेव्हा मला रडू फुटलं. म्हटलं, "अप्पा, माझ्यासाठी कशाला तुम्ही..."

"तुझ्यासाठी न्हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मास्तरच्या लेकीनं मास्तरला जिन्यामागं उभं करून ठेवलं, हे त्या दोघांनी मनात घेऊन जावं? त्यापेक्षा मी वाईट झालेला परवडला. तुझी अब्रू राखली न्हाय मी. माझी राखली."

मी म्हटलं, तुमचा पिक्चरसुद्धा तसाच आहे. शेवटी ती एकटीच उतरते. तुम्ही स्वतः पाहिलंत. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. खरं होतं म्हणून म्हटलं असेन.

"व्हय," ते म्हणाले. "तवाच पाह्यलं हुतं. सोळाव्या वर्षी. म्हणून तर माझा येगळा करायचा हुता."

आणि टीव्ही बंद कर म्हणाले.

२२ फेब्रुवारी

इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या स्नेहसंमेलनासाठी रुद्रेशनं माझं नाव सुचवलं. मी हो म्हटलंय. जिना ट्रकनं न्यायचा. क्लासला पोरी इतक्या वाढल्यात की दोन वेळा करायला लागल्या.

अप्पा भांडत नाहीत. भाजी काय आणू विचारतात, मीठ कमी असलं की सांगतात. मी ताप आला म्हणून पडले तर डोक्यावर पट्ट्या ठेवत बसले. गुंडूकडं दोनदा जाऊन आले. त्यानं दार उघडलं नाही, असं सुताराकडून कळलं. शाहूवाडीला पत्र टाकलं होतं, त्याला उत्तर नाही. मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना खरं काय ते. अप्पा म्हणाले, "सांग की. तुला पाहिजे तवा सांग." मी अजून गेलेली नाही. इचलकरंजीचं झालं की जाईन.

आज संध्याकाळी मी वर क्लास घेत होते. खाली जिन्यात नवीन आलेली एक पोरगी, नऊ-दहा वर्षांची, अप्पांना विचारत होती. गिरकी घेताना पहिल्यांदा टाच फिरवायची का चवडा? तिला कुणीतरी सांगितलं असणार की हे आजोबा सिनेमात डान्स मास्तर होते.

मी टेप बंद केला. मला ऐकायचं होतं.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, पोरी," अप्पा म्हणाले. "वर जाऊन इचार."

ती वर आली. मी तिला करून दाखवलं.